धरणाचा मासा, कोरियन कालवण

कोरियन मालिका घरात शिरली की ती टीव्हीपुरती राहत नाही, हे मला आता पुरतं कळून चुकलंय. आधी लेकीच्या बोलण्यात दोन-चार कोरियन शब्द आले, मग ड्रॉवरमध्ये चॉपस्टिक्स आल्या, आणि एका रविवारी सकाळी फर्मानच निघालं. "आई, आज गोदुंगॉ जोरिम कर ना. तू कोकणातली, तुला सोप्पं जाईल."

गोदुंगॉ म्हणजे मॅकरेल, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. जोरिम म्हणजे आटवलेलं. पातेल्याच्या तळाशी मुळ्याच्या जाड चकत्या लावायच्या, वर माशाचे तुकडे, त्यावर लाल मिरची, सोया सॉस, लसूण, आलं आणि किंचित साखर कालवून ओतायचं आणि मंद आचेवर रस्सा आटवत न्यायचा. आपण 'अंगाबरोबर रस' म्हणतो ना, तेवढाच शेवटी राहिला पाहिजे. लेकीनं हे सगळं मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी हसले. म्हटलं, हात्तिच्या, हे तर आमचं बांगड्याचं तिखलं! मुळा आणि सोया सॉस तेवढा नवा. बाकी तेच.

आणि तिथेच घोळ झाला. तो घोळ सांगायचाय, पण त्याहून जास्त त्यानंतर डोक्यात जे सुरू झालं ते सांगायचंय.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. लग्न होऊन मी तेव्हाच्या औरंगाबादला आले (२०२३ पासून आमच्या पत्त्यावर छत्रपती संभाजीनगर आहे), त्यालाही आता पंचवीस वर्षं होऊन गेली. समुद्रापासून तीनशेहून जास्त किलोमीटर आत. नवरा इथलाच, मासे खाणारा. पण तो आणि सासूबाई खायचे ते 'गंगेचे' मासे. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. रोहू, कटला, मरळ, वाम, झालंच तर चिलापी. मी पहिल्याच आठवड्यात नाक मुरडलं होतं. "चिखलाचा वास येतो," असं मी म्हणाले. आमच्याकडे गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणतच नाहीत, हेही वर ऐकवलं असणार. त्या वयात तोंडाला कुलूप नसतं.

तेव्हापासून या घरात मासा म्हणजे समुद्राचा. बर्फाच्या खोक्यातून येणारा बांगडा, सुरमई, कधी पापलेट. किती दिवसांचा असेल हे मी विचारायचे नाही आणि विकणारा सांगायचा नाही. डोळे पांढरे पडलेले दिसले तरी मी म्हणायचे, चालायचंच, बर्फातला आहे. स्वतःच्या माणसाच्या खोडी झाकाव्यात तसं मी त्या माशाचं सगळं झाकून घेत होते.

तर त्या रविवारी असाच बांगडा आणला. उन्हाळ्याचे दिवस. मुळा बाजारात जेमतेम, पण मिळाला. लेकीनं मागवलेली गोचुगारूची, म्हणजे कोरियन भरड मिरचीची पुडी होती, सोया सॉस होता. कालवण दिसायला फोटोतल्यासारखं झालं. लाल, चकचकीत, मुळा अर्धपारदर्शक. पहिल्या घासाला नवरा म्हणाला, "जिभेला चुरचुरतंय गं." मी म्हटलं, "कोरियन आहे, तिखटच असणार." लेक म्हणाली, "मस्त झणका आहे." मी स्वतः त्या दिवशी मुळाच जास्त खाल्ला.

तासाभरात दोघांचेही चेहरे लालबुंद झाले. लेकीच्या मानेवर गांधी उठल्या, नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलं आणि छातीत धडधड. मी घाबरून दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवणात काय होतं?" दुसरा विचारला, "कुठला मासा?" बांगडा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. ही अ‍ॅलर्जी नव्हे, म्हणाले. बांगडा, सुरमई, टूना या कुळातल्या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा पुरेसा गार ठेवला नाही की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. ते एकदा तयार झालं की शिजवून, तळून, कशानंही जात नाही. आणि त्याची एक खूण म्हणजे जीभ मिरी चावल्यासारखी चुरचुरते.

गोळ्या दिल्या, संध्याकाळपर्यंत दोघं ठीक झाले. पण मला ते चुरचुरणं काही सोडेना. साध्या तळलेल्या तुकडीत ते कदाचित ओळखू आलं असतं. तिखट कालवणात ते कालवणाचंच वाटलं. मी फोटोतला रंग जुळवला, मिरचीची पुडी जुळवली, माशाचं नावसुद्धा जुळवलं. फक्त मासा ताजा आहे का, हे पाहिलं नाही. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण होती आणि ताट विषारी होतं.

परदेशी पदार्थ घरी करण्याची आपली पद्धत बहुतेक वेळा अशीच असते, असं माझं आता ठाम मत झालंय. आपण यादी उचलतो. अमुक पेस्ट, तमुक सॉस, तोच मासा, तीच पाती. एखादी वस्तू मिळाली नाही की हळहळतो आणि मिळाली की धन्य होतो. आता शेंद्र्याला ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना आहे, आणि इंटरनेटवरून तर काय, गोचुजांगचा डबासुद्धा दारात येतो. त्यामुळे यादी पुरी करणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. पण तिथल्या बाईनं हे कालवण पहिल्यांदा केलं तेव्हा तिच्यापुढे यादी नव्हती. तिच्यापुढे सकाळचा मासा होता आणि परसातला मुळा होता. आपण तिच्याकडून घ्यायचं ते हे. यादी ही त्याची सावली आहे.

त्या प्रकारानंतर महिनाभर घरात मासा शिजला नाही. मग नवराच एकदा पैठणला कामासाठी गेला होता, तिथून येताना रोहू घेऊन आला. दीड-दोन किलोचा, सकाळी जाळ्यातून निघालेला. डोळे काचेसारखे, कल्ले लालभडक. काही न बोलता ओट्यावर ठेवला. मीही काही बोलले नाही. बोलायला तोंड कुठे होतं?

पैठणचं जायकवाडी धरण १९७६ साली पुरं झालं. त्याच्या नाथसागरानं शंभरावर गावं पोटात घेतली, त्यात सासूबाईंचं माहेरही गेलं. आमच्या शहराचा नळ या धरणावर चालतो. ज्या पाण्याची आम्ही आठ-आठ दिवस वाट पाहिली, टाक्या आणि पिंपं भरून ठेवली, टँकरवाल्यांची मनधरणी केली, ते हेच पाणी. ते पाणी आले दिवशी मी देवासारखं पुजायचे आणि त्यातला मासा मात्र 'चिखलाचा' म्हणून नाकारायचे. इतक्या वर्षांत हे एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

बरं, तो चिखलाचा वास खोटा होता का? नाही. तो असतो. साचलेल्या पाण्यातलं नीलहरित शेवाळ आणि काही जिवाणू जिऑस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास आपल्याला वेडावतो, त्यातही हेच असतं. गंमत बघा, अंगणात आला की मृद्गंध आणि माशात आला की चिखल! हे द्रव्य माशाच्या कातडीत आणि चरबीत मुरतं. आंबट लागलं की त्याचा जोर जातो. म्हणून चिंच, लिंबू, ताक. उलट समुद्राचा मासा शिळा झाला की जो उग्र वास सुटतो तो ट्रायमिथाइल अमाइनचा. गोड्या पाण्यातल्या माशात त्याचा कच्चा माल फारच कमी असतो. म्हणजे वास दोन आणि त्यांचे अर्थही दोन. एक वास मासा कुठे राहिला ते सांगतो, दुसरा तो मरून किती दिवस झाले ते सांगतो. मी आयुष्यभर पहिल्याला नावं ठेवली आणि दुसऱ्याची सवय करून घेतली.

तर तो रोहू. खवले काढले, तुकडे केले आणि आमसुलाच्या पाण्यात मीठ घालून वीस मिनिटं ठेवले. आमसूल माझ्याकडे असतंच. कातडीवरून बोट फिरवून वास घेतला, पुष्कळ कमी झाला होता. मुळा पाव किलो, बोटभर जाड चकत्या करून तळाशी. त्यावर बुडेल इतकं पाणी घालून आधी दहा मिनिटं तो एकटाच शिजवला, कारण माशाबरोबर टाकला तर मासा मोडेपर्यंत मुळा कच्चा राहतो. गोचुगारू संपलं होतं. मग ब्याडगी मिरची बिया काढून भरड कुटली. रंग देते आणि जाळत नाही, गोचुगारूचं कामही तेच. चार चमचे सोया सॉस, तीन चमचे ती मिरची, दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून, आलं, साखरेऐवजी सुपारीएवढा गूळ. तुकडे मांडले, कालवण ओतलं, वर कांदा उभा चिरून. झाकण अर्धवट ठेवून वीस-पंचवीस मिनिटं मंद आच. मासा उलटायचा नाही, चमच्यानं रस वरून घालत राहायचं.

आणि शेवटी हात आपोआप तिरफळांच्या बरणीकडे गेला. वेंगुर्ल्याहून दरवर्षी येतात. आमच्याकडे बांगड्यात तिरफळ नसेल तर तो बांगडाच नव्हे. चार तिरफळं ठेचून टाकली.

लेक ओरडली. "आई! हे काय घातलंस? आता हे जोरिम राहिलंच नाही. मासा वेगळा, मिरची वेगळी आणि वर हे तिरफळ."

तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे मला मान्य करायला हवं. सगळंच बदललं तर ते रोहूचं कालवण झालं, त्याला कोरियन नाव देऊन मिरवायचं कशाला? शेजवान चटणीचं आपण काय केलंय ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मी स्वतःशी एक रेघ आखून घेतलीय. आटवणं बदलायचं नाही, कारण नावच ते आहे. मुळा काढायचा नाही, कारण माशाचा सगळा रस तो पितो आणि खरं तर ताटात पहिला तोच संपतो. आणि सोया सॉस काढायचा नाही, कारण त्या चवीला आपल्याकडे जोड नाही. (मराठवाड्याच्या रानोमाळ सोयाबीन उभं असतं, लातूरला त्याची एवढी मोठी बाजारपेठ आहे, पण आपण ते तेलाला विकतो, खाणं मात्र शिकलो नाही. तो वेगळाच विषय आहे.) या तीन गोष्टी सोडून बाकीच्यांनी आपल्या घरचं व्हायला माझी ना नाही.

जेवण झालं. सगळं छान झालं असं म्हणणार नाही. रोहूचे दोन तुकडे फुटले, आणि काटे! रोहूच्या मांसात ते वायच्या आकाराचे बारीक काटे असतात, त्यानं लेक वैतागली. पण कुणाची जीभ चुरचुरली नाही. नवऱ्यानं तीन वेळा भात घेतला. चिखल? मला नाही लागला. की लागूनही या खेपेस मला चालला, कोण जाणे.

खरी मजा पुढे आहे. चिडलेल्या लेकीनं मला चूक ठरवायचं म्हणून शोधाशोध सुरू केली आणि तिलाच काहीतरी वेगळं सापडलं. कोरियात बुंगॉ-जिम नावाचा प्रकार आहे. बुंगॉ हा गोड्या पाण्यातला, कार्प कुळातला मासा. म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या गोत्रातलाच. तो लाल तिखटाच्या वाटणात असाच मंद शिजवतात, खाली मुळा किंवा मुळ्याचा वाळवलेला पाला अंथरून. आणि त्यासाठी नावाजलेली एक जागा म्हणजे जिनचॉन भागातल्या चोप्यॉंग जलाशयाचा काठ. तिथे या माशाच्या खानावळींचं एक गावच आहे. जलाशयाच्या काठावर, जलाशयातला मासा! काटे त्यालाही भरपूर, म्हणून तिथे अंगावर जवळजवळ चिरा देऊन बराच वेळ शिजवतात, की बारीक काटे मऊ पडावेत.

आणि तिरफळ? कोरियात चोपी नावाच्या झाडाच्या फळांची टरफलं कुटून नदी-ओढ्यातल्या माशांच्या तिखट रश्शावर घालतात, वास मारायला. ते झाड आणि आपलं तिरफळ एकाच वंशातले, झँथोझायलम. म्हणजे मी हट्टानं घातलेली कोकणातली एक गोष्ट नेमकी तिथल्या नदीच्या माशाला चालत होती. मी मात्र ती पंचवीस वर्षं फक्त बांगड्यासाठी राखून ठेवली होती.

लेक मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे तू चुकून बरोबर केलंस." मला हे 'चुकून' पटत नाही. पाणी साचलं, मासा कार्प कुळातला असला आणि हाताशी मुळा-मिरची असली, की माणसाचा हात साधारण त्याच दिशेला जातो. तिथला काय आणि इथला काय.

तसं पाहिलं तर या कालवणात मूळचं इथलं आहे तरी कोण? मिरची अमेरिकेतून निघाली. आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, आणि कोरियात तिचा उल्लेख १६१४ सालच्या 'जिबोंग युसोल' या ग्रंथात सापडतो, तोही जपानकडून आलेली वस्तू म्हणून. म्हणजे कोरियन तिखट आणि मराठवाडी तिखट ही दोन्ही उण्यापुऱ्या चार-पाचशे वर्षांतली. रोहू-कटला हे उत्तरेतल्या गंगेकडचे मासे, बीज सोडून धरणात वाढवलेले. मी वेंगुर्ल्याची. आणि हे शहर, खडकी म्हणून, १६१० साली वसवलं ते अ‍ॅबिसिनियातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरनं. इथला लाडका नान-खलिया तुघलकाच्या लष्कराबरोबर आला असं सांगतात. या गावात बसून 'अस्सल' काय आणि 'भेसळ' काय यावर वाद घालणं मला तरी जरा विनोदी वाटतं. अस्सलपणा बघायचाच असेल तर तो ताजेपणात बघावा. मासा सकाळी कुठे होता, एवढं विचारावं.

सासूबाई आता नाहीत. माझा बांगडा त्या कधी नाकारायच्या नाहीत. एखादा तुकडा घ्यायच्या, बाकी आमटी-भाकरीवर भागवायच्या. एकदाच म्हणाल्या होत्या, "मासा कुठलाबी असू दे पोरी, पर आजचा असावा. आमच्या गावावरून पवत येतोय तो, त्याला कसला आलाय वास." मी हसण्यावारी नेलं होतं. बुडालेल्या माहेराबद्दल त्या मला काही सांगत होत्या, हे तेव्हा कळलंच नाही. त्या असताना त्यांच्या धरणाचा एकही मासा मी या ओट्यावर शिजू दिला नाही. कोरियन मालिका बघणाऱ्या नातीमुळे तो शिजला, हे ऐकून त्या पदराआड हसल्या असत्या.

असो. आता महिन्यातून एकदा तरी पैठणकडचा रोहू घरी येतो. चिरा द्यायला मी अजून शिकतेच आहे. बांगडा सोडलेला नाही, तो माहेरी गेले की खाते, बंदरावर उतरलेला. आणि यंदा थंडीत हरभऱ्याचा पाला खुडून वाळवून ठेवलाय, सासूबाई ठेवायच्या तसा. मुळ्याच्या पाल्याऐवजी तो तळाशी अंथरून बघायचाय. तो आंबूस असतो, म्हणजे माशाला मानवेल असं वाटतं. लेक म्हणते, हे काही कोरियन नाही. मी म्हटलं, आधी खाऊन बघ, मग नाव ठेव.